माझे वापसीवाले साडू

पाहुणा नावाच्या प्राण्याचा जेवढा तिरस्कार माझ्या अकोल्याच्या थोरल्या साडूंनी केला, तेवढा या पृथ्वीच्या पाठीवर दुसऱ्या कोणी केला असेल असं मला वाटत नाही. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. राग होता, चांगला बारा वर्षं टिकला, आणि त्या रागावर मी अमरावतीतल्या निदान पन्नास घरी फुकटचा चहा प्यालो. "साडूंचं काही नवीन?" असं कोणी विचारलं की मी खुर्ची पुढे ओढून घ्यायचो. साडू हे नातंच तसं चमत्कारिक. बायको आपण निवडतो (किंवा तसं समजतो), सासरा तिच्याबरोबर येतो, पण साडू हा कुणी निवडलेला नसतो आणि जन्मभर बायको तुलना मात्र त्याच्याशी करते. माझे साडू अकोल्याच्या कोर्टात रेकॉर्डकीपर होते. काळी टोपी, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, आणि चेहरा असा की समोरच्याने आत्ताच काहीतरी लांबवलं असावं. रेकॉर्डरूमचा नियम असा की परत कधी येणार हे लिहून घेतल्याशिवाय एकही कागद दाराबाहेर जाऊ द्यायचा नाही. पंचवीस वर्षं हा नियम पाळून पाळून तो त्यांच्या हाडांत उतरला होता, आणि घरी आल्यावर त्यांनी तो उलटा करून मनुष्यजातीला लावला होता : परत कधी जाणार हे कळल्याशिवाय एकही माणूस दाराच्या आत घ्यायचा नाही.

मला याचा प्रसाद लग्नानंतर तिसऱ्याच महिन्यात मिळाला. सौभाग्यवतीला घेऊन मी अमरावतीहून निघालो, बडनेऱ्याला गाडी बदलली, आणि भर दुपारी भुकेनं कासावीस होऊन त्यांच्या ओट्यावर उभा राहिलो. आतून पाटोडीच्या रश्शाचा असा वास येत होता की मी नवा जावई आहे हे विसरून ओठ चाटले. दार उघडलं. साडूंनी एक हात चौकटीला लावला. "या" नाही, "बसा" नाही, "पाणी आणा वो" नाही. म्हणाले, "साडभाऊ, वापसीचं काय?"

मी ऐटीत म्हणालो, "पाहू ना! चार-सहा दिवस राहू. घाई काय आहे?"

अमरावतीत या वाक्याला प्रेम म्हणतात. त्या दारात ती दरोड्याची आगाऊ सूचना ठरली. साडूंचा दुसरा हातही चौकटीला गेला. "तसं नाई जमत. तिकीट दावा."

"तिकीट जाताना काढू की."

"मंग असं करा, सामान राहू द्या ओट्यावर. बाईमाणसाले आत जाऊ द्या, ते घरचं आहे. तुमी टेसनावर जा अन वापसीचं तिकीट घेऊन या. पाटोडी गरमच ठेवतो."

आणि मी गेलो! वाचकहो, माझ्या आयुष्यातल्या मूर्खपणांची यादी करायची झाली तर फार मोठी होईल, पण त्या उन्हात, पोटात कावळे ओरडत असताना, दुसऱ्याच्या घरून जाण्याची परवानगी दाखवायला मी टांग्यात बसून स्टेशनवर गेलो हा तिच्यातला पहिल्या पाचांतला. तिकीटबाबूला परवाचं तिकीट मागितलं तर त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "रेकॉर्डकीपरसाहेबांकडे उतरले का?" मी मान खाली घातली. "मग देतो," तो म्हणाला, "परवाचं आज देता येत नाही, पण त्यांच्या पाहुण्यांचं ठरलेलं आहे." ते पुठ्ठ्याचं तिकीट साडूंनी दोन्ही बाजूंनी वाचलं, कोनाड्यात पितळी वजनाखाली ठेवलं, आणि मग असे काही बदलले की विचारू नका. स्वतः पाट मांडला, आग्रह करकरून पाटोडी वाढली, माझ्या शाळेची, प्रकृतीची चौकशी केली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिकीट सुपारीसकट माझ्या हातात देऊन म्हणाले, "या बरं पुन्हा." त्यातली चीड आणणारी गोष्ट अशी की ते खरंच मनापासून म्हणत होते.

या वेडाला त्यांनी शास्त्राचा पाया दिला होता. "साडभाऊ, जगात जेवढा तरास आहे ना, तो येणाऱ्यायचा नाई. न जाणाऱ्यायचा आहे," हे त्यांचं सूत्र. इतिहासही त्यांनी याच चाळणीतून गाळून घेतलेला. "इंग्रज आला तवा कोणी इचारलं का, बाप्पा, वापसीचं काय म्हणून? नाई इचारलं. बसला दीडशे वर्षं!" वऱ्हाड मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला तेव्हाही त्यांची तक्रार तीच : गेला तर गेला, पण परतीचं काही लिहून घेतलं का? साऱ्या देवादिकांत त्यांना मान होता तो फक्त गणपतीला. "समजदार पाहुणा. येतानाच जायाचा दिवस सांगून येते." महालक्ष्म्यांचंही बरं चाले, कारण त्या तीन दिवसांत उठतात. बाकीचे देव देवघरात कायम मुक्कामाला असल्यामुळे त्यांच्याकडे साडू जरा संशयानंच पाहत.

स्वतः कुठे गेले तरी नियम सुटत नसे, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. पण त्यानं उलट जास्तच शोभा होई. माझे एक दूरचे काका वारले तेव्हा साडू अकोल्याहून समाचाराला आले. घरात रडारड चालू. साडू आत आले, काकूंपुढे बसले, दोन क्षण खाली मान घातली, आणि कोटाच्या खिशातून तिकीट काढून त्यांच्यापुढे ठेवलं. "पाच चाळीसची पॅसेंजर आहे," असं गंभीर आवाजात म्हणाले. काकूंचं रडं जागच्या जागी थांबलं. त्या नंतर मला म्हणाल्या, "मास्तर, मले वाटलं, यमाकडूनच आले."

एकदाच, फक्त एकदाच, त्यांनी तो प्रश्न उलट्या दिशेनं विचारलेला मी ऐकला. त्यांना एकच लेक. ती दिली एका कापडगिरणीतल्या स्पिनिंग मास्टरला, आणि लग्नानंतर सहा महिन्यांत त्याला कोलंबोच्या गिरणीत जागा मिळाली. बडनेऱ्याला आम्ही सगळे पोचवायला गेलो होतो. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या आणि माझे साडू जावयाचा हात धरून उभे. "जावईबापू, हिले वापस कधी आणता?" जावई नव्या नोकरीच्या आनंदात होता. "दर उन्हाळ्यात आणतो की!" म्हणाला. आम्ही सगळे हसलो. मी तर जरा जास्तच हसलो, कारण किस्सा आयता मिळाला होता. पुढे दोन उन्हाळे गेले आणि लेक काही आली नाही. पहिल्या उन्हाळ्यात सुट्टी मिळाली नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात तिला पहिलं बाळंतपण म्हणून आणायचं ठरलं, आईनं दिवस पक्का केला, आणायला जाणाऱ्याची तिकिटंही काढली, आणि निघायच्या आदल्या दिवशी पत्र आलं की सातव्या महिन्यातच सगळं संपलं. साडूंनी ती तिकिटं किती तरी दिवस वजनाखालून काढली नाहीत, असं बायकोनं मला सांगितलं. मी हा भाग अमरावतीत कुणाला सांगितला नाही. तो किस्सा होत नव्हता.

तिसऱ्या वर्षी पुन्हा पत्र आलं. लेकीला दिवस गेले होते, डॉक्टरनं पलंगावरून हलायचं नाही म्हणून बजावलं होतं, आणि जावयानं लिहिलं होतं की या खेपेला ती तिकडे येऊ शकत नाही, आईनंच यावं. ती रोज आईची आठवण काढते, एकटी फार घाबरली आहे. खाली एक ओळ होती : सिलोनमध्ये उतरणाऱ्याला परतीचं तिकीट दाखवावं लागतं, नाहीतर आपल्याच किनाऱ्यावर, मंडपमच्या तपासणीवरून मागे पाठवतात.

ही ओळ वाचली आणि माझ्या साडूंच्या चेहऱ्यावर जे तेज चढलं ते लेकीच्या लग्नातही चढलं नव्हतं. त्यांनी ते पत्र गल्लीत सहा घरी वाचून दाखवलं. "पाहा! अख्खं सरकार हेच इचारते! अन तुमी मले हासता!" मला तर अमरावतीला खास कार्ड टाकून कळवलं की जगात शहाणं असं एक तरी राज्य आहे. मी उलट टपाली लिहिलं की आपण तिथंच स्थायिक व्हावं. हा विनोद त्यांना समजला नाही, आणि आठ दिवसांनी ते स्वतः दारात उभे. खिशातून पाच चाळीसचं तिकीट काढून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "साडभाऊ, उन्हाळ्याच्या सुट्ट्या आहेत. तुमी भूगोल शिकवता. आमच्यासंगं चाला."

मी भूगोल शिकवतो हे खरं. अकरा वर्षं मी मुलांना समुद्र शिकवत होतो, भरती-ओहोटी फळ्यावर काढून दाखवत होतो, आणि माझ्या डोळ्यांनी पाहिलेला सगळ्यांत मोठा जलाशय म्हणजे वडाळीचा तलाव. पण "हो" म्हणण्याची घाई हा माझा जुना रोग. पासपोर्ट झाले, परवाने झाले, आणि जाण्या-येण्याची पूर्ण तिकिटं मद्रासहून करायची ठरली.

अडलं ते आक्कापाशी. आक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, साडूंची पत्नी. आयुष्यात नवऱ्यापुढे चकार शब्द न काढलेली ती बाई या खेपेला भिंतीसारखी उभी राहिली. लेकीच्या बाळंतपणाला जाणारी आई परतीचा दिवस ठरवून निघत नाही, असा आमच्याकडे बायकांचा नेम. ठरवला की सटवाई ऐकते म्हणतात. "मांगच्या खेपेले दिवस ठरवला होता," आक्का म्हणाली, "काय झालं ते पाह्यलं ना तुमी? मी वापसीचं तिकीट घेऊन त्या घरात पाय ठेवत नाई."

"अवो पण कायदा आहे!" साडू ओरडले.

"तुमचा आहे. माहा नाई."

इथं मी मध्ये पडलो. माझ्या आयुष्यातली सगळी नुकसानं मी मध्ये पडल्यामुळे झाली आहेत. मी म्हणालो, आक्का, तुम्ही तिकीट पाहूच नका; ते माझ्याजवळ राहील, अधिकाऱ्याला मी दाखवीन, तुम्हाला कळणारही नाही. आक्का म्हणाली, "मले दिसू देऊ नका मास्तर. बस."

मद्रासला तिकिटं झाली. लहान पुस्तकासारखी होती, जाण्याची पानं फाडत जायची आणि परतीची शिल्लक राहायची. साडूंनी आपलं कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि वरून सेफ्टी पिन लावली. माझं मी शर्टाच्या खिशात ठेवलं. राहिलं आक्काचं. दोन तिकिटं एका खिशात ठेवली आणि हरवली तर दोन्ही हरवतील, असा एक शास्त्रशुद्ध विचार माझ्या मनात आला. ती परतीची पानं मी जपून वेगळी केली आणि सामानातली सगळ्यांत सुरक्षित जागा शोधली. आक्कानं लेकीसाठी डिंकाचे लाडू केले होते. तो पितळी डबा ती कुणाला हात लावू देत नव्हती, रात्रंदिवस मांडीवर. म्हणजे चोराची भीती नाही! ती हात धुवायला गेली तेवढ्यात मी झाकण उघडलं, तिकीट लाडवांच्या खाली सरकवलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन झोपलो.

सकाळी गाडी कावेरीच्या पुलावर आली. डब्यातले सगळे लोक नदीत पैसे टाकू लागले. आक्कानं माझ्याकडे पैसा मागितला, मी तो मोठ्या भक्तिभावानं दिला. ती खिडकीशी गेली, कंबरेच्या पिशवीतून हळद-कुंकू काढलं, हात जोडले, ओठ हलले, आणि काहीतरी खाली सोडलं. मी साडूंना कावेरीची लांबी सांगत होतो. चुकीची सांगत होतो, हे मला मागाहून कळलं.

दुपारी मंडपम आलं. स्टेशनाजवळ सिलोनकडे जाणाऱ्यांच्या तपासणीची छावणी होती. लांब पडवी, लाकडी टेबलं, आणि पलीकडे समुद्र. टेबलाशी एक सडपातळ, चष्मा लावलेला, अतिशय सभ्य अधिकारी बसला होता. त्यानं विचारायच्या आधीच साडूंनी पिन काढून आपलं तिकीट टेबलावर ठेवलं, हुकमाचा एक्का टाकावा तसं. "साडभाऊ, यायले सांगा, अकोल्यात मी पंचवीस वर्षांपासून हेच करून राहिलो." मी इंग्रजीत सांगितलं. अधिकाऱ्यानं मान हलवून "असं का," म्हटलं. मग माझं तिकीट पाहिलं. मग आक्काकडे बोट केलं.

मी डबा मागितला. आक्का देईना. मी तो जवळजवळ ओढून घेतला आणि सरकारी टेबलावर एकेक लाडू काढून ठेवू लागलो. अधिकारी पाहत होता, साडू पाहत होते, मागच्या रांगेतली माणसं टाचा उंच करून पाहत होती. डबा रिकामा झाला. तळाशी डिंकाचा चुरा.

"आक्का," मी म्हणालो, "इथं एक कागद होता."

"होता. कावेरीले देला."

"काय?"

"लाडवाच्या डब्यात असं तिकीट ठेवते का कोणी मास्तर? लेकीच्या तोंडात पहिला घास जायाच्या आधीच माय जायाचा कागद त्याले लागला! सकाळी झाकण उघडलं, तं मले घामच फुटला. हळद-कुंकू लावलं अन सोडलं. मायले म्हटलं, माही लेक सुटू दे, मंग तू म्हणशील तवा वापस येतो."

मी अधिकाऱ्याला कसंबसं समजावलं. "कावेरी" हा शब्द त्याला समजला. बाकीचं समजलं की नाही कुणास ठाऊक. त्यानं चष्मा पुसला. म्हणाला, "आपण दोघे जाऊ शकता. बाईंना सोडता येणार नाही." नवं पूर्ण तिकीट मद्रासलाच मिळत होतं, म्हणजे जाऊन यायला तीन दिवस, आणि जावयाची शेवटची तार सांगत होती की आता दिवस मोजायचे नाहीत, तास मोजा. सरकारी मंजुरी मिळाली होती ती कोणाला? ज्यांचा त्या घरात कवडीचा उपयोग नाही अशा दोन पुरुषांना. एकाला भूगोल चुकीचा येत होता, दुसऱ्याला दार अडवण्याखेरीज काही येत नव्हतं. जिच्यासाठी ती पोर तिकडे डोळे लावून बसली होती ती बाई रिकाम्या डब्याशी उभी होती. ती लाडू परत भरायला लागली, आणि भरताना एक फुटला.

आता साडू आक्कावर ओरडणार असं मला वाटलं. ते अधिकाऱ्याकडे वळले. "साडभाऊ, यायले सांगा, गरज तिची आहे, आमची नाई." मी सांगितलं. अधिकारी म्हणाला, नियम आहे. साडूंनी तोंड उघडलं, आणि त्यांना काय म्हणायचं होतं ते मला स्पष्ट दिसलं. एवढ्यानं काय होते, चालवून घ्या. पंचवीस वर्षं त्यांच्या ओट्यावर उभं राहून लोकांनी त्यांना हेच म्हटलं होतं. त्यांनी तोंड मिटलं.

आणि मी काय केलं? मी शर्टाच्या खिशावर हात ठेवला आणि समुद्राकडे पाहू लागलो. भूगोलाच्या शिक्षकानं समुद्र पहिल्यांदा पाहताना एवढी एकाग्रता दाखवली तर त्यात गैर काय?

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला म्हणून मी वळलो. साडूंनी टेबलावरचं आपलं तिकीट उचललं होतं आणि आक्कापुढे ठेवलं होतं. त्या काळी त्यावर नाव नसे. "हे हिचं," ते म्हणाले.

"आणि तुमचं?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"माहं नाई."

"मग तुम्हाला..."

"मालूम आहे मले," साडू मराठीतच म्हणाले, आणि तो समजला.

आक्का म्हणाली, "अवो, लेकीले पाहासाठी तुमी एवढ्या दूर..."

"मले काय करायचं तिथं? बाळंतपण का मी करणार आहो? जाय. गाडी सुटते." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साडभाऊ, झालं की तार करजा. पोरगा का पोरगी ते मांगून. आधी लेक कशी आहे ते लिहजा."

तुम्हाला वाटेल इथं माझा राग वितळला. छे! इतक्या वर्षांचा राग एका दुपारीत जात नाही. गाडी पांबनच्या पुलावर चढली तेव्हा मी मनात म्हणत होतो, बरं झालं, ब्याद टळली. आता कोलंबोत तरी जावयाच्या दारी मला कोणी तिकीट मागणार नाही.

पुढे बोटीनं समुद्र ओलांडून आम्ही वेळेवर पोचलो. अगदी वेळेवर, आक्कानं चपला काढल्या आणि ती सरळ लेकीच्या खोलीत गेली, ती तिसऱ्या दिवशी बाहेर आली. मुलगी झाली. लेक वाचली, पण बाळ अशक्त होतं. डॉक्टरांनी बजावलं की बाहेरच्या माणसानं खोलीत पाय ठेवायचा नाही. बाहेरचा माणूस म्हणजे मी. मी ओसरीत बसून बाळाचं रडणं ऐकायचो आणि खोबरेल तेलातल्या जेवणाला तोंड वाकडं करायचो. तार मात्र मी त्याच दिवशी केली. लेक बरी, मग मुलगी, सांगितलेल्या क्रमानं. अकोल्याच्या पत्त्यावर केली. तो माणूस दुसरा जाणार कुठे?

तीन आठवडे ज्वारीच्या भाकरीशिवाय काढून मी एकटाच परत निघालो. मंडपमला गाडी थांबली. खिडकीतून कॉफीवाला शोधत होतो, तर फलाटावर एक दाढी वाढलेला म्हातारा डब्याडब्याशी जाऊन मद्रासी लोकांना चक्क वऱ्हाडीत विचारत होता, "कोलंबोवून आले का जी? गिरणीतले स्पिनिंग मास्टर मालूम आहेत का?" डोक्याला काळी टोपी. मी हाक मारली. ते धावत आले आणि खिडकीचे गज धरून उभे राहिले.

"मुलगी झाली," मी म्हणालो. "दोघी बऱ्या आहेत."

ते जिथं होते तिथंच फलाटावर खाली बसले. मी उतरलो, त्यांना उठवून आत घेतलं. "तुम्ही घरी का नाही गेलात?"

"अकोल्याले तार पोचाले लय वेळ लागते. म्हटलं, इथं जवळ पडते."

"पण मी तार अकोल्यालाच केली!"

ती तार, हे मागाहून कळलं, शेजाऱ्यांनी घेऊन फळीवर ठेवली होती. तार म्हणजे कोणीतरी गेलं असणार, या भीतीनं कोणी फोडली नव्हती. बावीस दिवस हा माणूस स्टेशनामागच्या धर्मशाळेत राहिला होता, आणि लेक जिवंत आहे की नाही हे त्याला ठाऊक नव्हतं. शिव्या द्यायला ही उत्तम वेळ होती. मी तयारही होतो. साडू म्हणाले, "इथं राहतो हे तुमाले सांगाचं राहूनच गेलं ना माह्याकडून." थोड्या वेळानं म्हणाले, "धर्मशाळेवाला म्हातारा रोज सकाळी काहीतरी इचारे. तामीळ येत नाई मले. पण समजे."

त्रिचनापल्ली आली तेव्हा ते हळूच म्हणाले, "नाक कोणाचं आहे?"

मी त्या पोरीचं नखसुद्धा पाहिलं नव्हतं. "तुमचंच," मी म्हणालो. "हुबेहूब."

"खरं सांगता?"

"अगदी."

त्यांचा हात आपल्या नाकाशी गेला आणि विल्लुपुरम येईपर्यंत तिथंच राहिला.

आता साडू नाहीत. त्यांचे किस्से अमरावतीत अजून मागतात, मीही सांगतो, पण पूर्वीसारखे रंगत नाहीत. कुठेतरी मध्येच माझाच सूर सुटतो. त्यांच्या हयातीत नात पहिल्यांदा अकोल्याला आली ती चार वर्षांची होऊन. मी मुद्दाम गेलो होतो. टांग्यातून उतरली, आणि मी पाहिलं तर नाक बसकं, थेट जावईबापूंचं. साडूंनी तिला उचललं, उजेडाकडे तोंड करून नाक नीट पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी ओट्यावरच्या कडुलिंबाचं निरीक्षण करू लागलो.

"साडभाऊ," ते म्हणाले, "तुमी भूगोलच शिकवत जा."

पोरगी त्यांच्या कोटाच्या बटणाशी खेळत होती. आजी तिला माहीत होती. बाळपणी तिला न्हाऊ-माखू घालणारी आजी कशी होती हे आईनं सांगितलं होतं. हा म्हातारा मात्र नवा. तिनं सरळ विचारलं, "आजोबा, आजी आमच्याकडे आली होती. तुम्ही का नाही आलात?"

साडूंनी तिला कडेवर जरा वर सरकवलं.

"आलो होतो वो माय," ते म्हणाले. "मधात पाणी होतं."